भाषेमुळे माणसाची लिंगओळख घडते का?

घडते म्हणण्यापेक्षा भाषा ती उठताबसता वदवून घेते, असं मी म्हणेन. मराठीत 'मी शाळेत जातो' किंवा 'जाते' म्हटलं की आपण कोण ते सांगून झालं. तीन वर्षांचं पोर आईचं ऐकून 'मी येते' म्हणतं, लगेच कुणीतरी हसून दुरुस्त करतं, 'अरे, येतो म्हण!' आपण मुलगा आहोत हा धडा त्याला असा क्रियापदातून मिळतो. बंगालीत ही भानगडच नाही, तिथे क्रियापद लिंगानुसार बदलत नाही.

पण म्हणून व्याकरणच सगळं ठरवतं असं नाही. कोल्हापूरकडच्या बायका बिनधास्त 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. त्यांना आपण बाई असल्याबद्दल तिळमात्र शंका नसते! (पुण्यात सून होऊन आलं की मात्र टोमणे ऐकावे लागतात.)

खरी अडचण होते ती जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही त्यांची. नपुंसकलिंग आहे की, असं कुणी म्हणेल. पण 'ते आलं' हे आपण मांजराला, लेकराला म्हणतो, मोठ्या माणसाच्या मनाला ते लागतं. मग पळवाटा उरतात. 'मी येईन'मध्ये लिंग दिसत नाही, 'मी भात खाल्ला'मध्ये क्रियापद भाताच्या मागे जातं, आणि 'आम्ही निघालो' कुणीही म्हणावं. साध्या वर्तमानकाळात मात्र 'जातो' की 'जाते' हे निवडावंच लागतं. एखाद्या ट्रान्स स्त्रीनं, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा ठरवलेल्या बाईनं, पहिल्यांदा घरच्यांसमोर 'मी निघते' म्हणणं म्हणूनच साधं वाक्य नसतं.