मुंबईत घडणारी ‘डिझायनर बेबी’ची विज्ञानकथा: विज्ञान कितपत खरं ठेवावं?

दहावीतल्या मुलीला कळतं की आपण आईबाबांनी जनुकं ‘निवडून’ घडवलेलं बाळ आहोत, हे तुमचं कथाबीज झकास आहे. फक्त एक जनुक बदललं आणि पोरगी उंच, हुशार झाली, असं दाखवू नका. नुसत्या उंचीवरच हजारो जनुकीय फरकांचा परिणाम होतो. बुद्धीचं तर विचारूच नका.

खरी घटना आहेच की. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘हे जियानक्वे’ नावाच्या चिनी संशोधकाने क्रिस्पर हे जनुकांत काटछाट करण्याचं तंत्र वापरून जनुकबदल केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून सीसीआर५ हे जनुक बदललं होतं. पण बदल हवा तसा नेमका झाला नाही, आणि २०१९ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची कैद झाली.

तुमची गोष्ट या अर्धवटपणातच आहे. भ्रूणाच्या काही पेशींत बदल होतो, काहींत नाही. म्हणजे नायिकेचा रक्ताचा रिपोर्ट एक सांगेल आणि गालाच्या आतून घेतलेला नमुना भलतंच! रहस्यकथेला आणखी काय हवं?

बीकेसीतली (वांद्रे-कुर्ला संकुलातली) चकाचक लॅब मात्र नको, ती फार घिसीपिटी झाली. दादरच्या जुन्या इमारतीतलं, दारावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असलेलं क्लिनिक घ्या. परळच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा तिथे नर्स असलेली आजीही शोभेल. तिला नातीपेक्षा जास्त माहीत असू दे.