सासूबाई रोज विचारतात, "आज पण उशीर?"

प्रश्न: सासरे गेल्यावर सासूबाई कराडजवळच्या गावाहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आल्या. लोकलच्या गर्दीतून मी साडेआठला घरी पोचते, तर दारातच म्हणतात, "आज पण उशीर?" माझी नोकरी त्यांना खुपते, हे मला कळतं. आता मी उत्तरच देत नाही. काय करू?

उत्तर: ताई, दिवसभर राबून यायचं आणि दारात हे ऐकायचं, जीव वैतागणारच. पण तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'नोकरी त्यांना खुपते, हे मला कळतं.' तसं त्या कधी म्हणाल्या आहेत का? पत्रात तरी कुठे दिसत नाही. त्यांचे शब्द तीनच आहेत, पुढचं तुम्ही मनाशी जोडलंय.

'त्यांच्या जागी जाऊन बघ,' असं तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगणार नाही. दुसऱ्याच्या जागी जातानाही आपण डोकं आपलंच नेतो. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली या संशोधकांनी 25 प्रयोग करून हेच तपासलं. 2018 मध्ये त्यांनी मांडलं, की नुसतं स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येत नाही. त्यालाच विचारलं, तर येतं.

म्हणून विचारा. फक्त "असं का विचारता?" नको. 'का' ऐकलं की माणूस जाब द्यायच्या तयारीत उभा राहतो. आणि दारात चपला काढताना तर मुळीच नको. चहा घेऊन शेजारी बसा, म्हणा, "आई, मला यायला उशीर झाला की तुमच्या मनात काय येतं हो?" मलाही इथे दोन-तीन कारणं सुचली होती. ती मी खोडली. तुमच्या सासूबाईंना मी तरी कुठे ओळखते?

नोकरी खरंच खुपत असेल तर? तेही त्यांच्या तोंडून येऊ द्या. मग नवऱ्याला सोबत बसवून उघड बोलता येईल. नोकरी सोडायचा प्रश्न मात्र त्यातून येत नाही, हे मनाशी पक्कं ठेवा.

गावाकडच्या संध्याकाळींबद्दलही विचारा. दिवेलागणीला त्या काय करायच्या, ओट्यावर कोण येऊन बसायचं, सासरे किती वाजता घरी यायचे. रविवारी मटार सोलता सोलता हे सहज निघेल. बोलताना त्या मध्येच अडखळल्या, तर त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. हातातले मटार सोलत राहा.