शेळ्यांचे तास का खोडलेत?

पत्र : मुलगी न्यू जर्सीत बायोलॉजी शिकते, तिसरं वर्ष संपलं. यंदा व्हेटरिनरी स्कूलचा अर्ज भरायचाय. दोन वर्षं ती कॅन्सरवर काम करणाऱ्या एका लॅबमध्ये आहे, आठवड्याला दहा तास, म्हणजे १०४० तास झाले. पण जनावरांच्या दवाखान्यातले तास जेमतेम ९० आहेत. लॅबचं काम उंदरांवर चालतं आणि त्या इमारतीसाठी एक व्हेट नेमलेला आहे. तेव्हा लॅबचे तास 'व्हेटरिनरी' रकान्यात दाखवता येतील का? पुण्यातले माझे एक प्राध्यापक मित्र त्यांच्या रिसर्च पेपरात तिचं नाव घालायला तयार आहेत. प्राण्यांच्या शेल्टरमधली साफसफाई आणि विद्यापीठाच्या फार्मवरचं शेळ्यांचं काम मी अर्जातून काढलं, फार किरकोळ दिसतं. ती कामात असते म्हणून फॉर्म मीच भरतोय. रिसर्च भक्कम असला तर उद्या एमडीकडेही, म्हणजे माणसांच्या डॉक्टरकीकडे, वळता येईल. डिसेंबरात चार आठवडे ती नाशिकला चुलतबहिणीच्या लग्नाला होती, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी समजावलं, पण ऐकत नाही. कॉर्नेल किंवा पेन (पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ) मिळावं अशी इच्छा आहे. नाहीतर नागपूरला बी.व्ही.एस्सी. करून परत यावं का?
— एक पालक

उत्तर : एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं म्हणणं किती? 'ऐकत नाही', एवढंच. फॉर्म तुम्ही भरताय, काय ठेवायचं नि काय खोडायचं ते तुम्ही ठरवताय, पेपर तुमच्या मित्राचा. अर्ज मात्र तिच्या नावाने जाणार, आणि शेवटी 'यातली माहिती खरी आहे आणि लेखन माझं आहे' हेही तिनेच कबूल करायचं. रकाने वगैरे मी पुढे सांगतोच. पण तुमचं पत्र वाचताना मला तिच्या तासांची काळजी वाटली नाही, फॉर्म कोण भरतंय याची वाटली.

नाशिकच्या त्या समजावणीचं चित्र मला न सांगताही दिसतं. हळदीच्या मांडवात काका-मामा-आत्या जमल्या असतील आणि कुणीतरी 'ढोरांचा डॉक्टर' हा शब्द काढून हसलं असेल. आपल्याकडे ही खोड जुनी आहे. पीटर डोहर्टी नावाचे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मूळचे पशुवैद्यक, त्यांना १९९६ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे पुढच्या लग्नात त्या मंडळींना सांगा. एकवीस वर्षांची मुलगी चार आठवडे सगळ्या गोतावळ्याचं ऐकून घेते आणि तरी आपल्या म्हणण्यावर ठाम राहते, याला तुम्ही हट्ट म्हणता. मी याला निर्णय म्हणतो. 'उद्या एमडीकडेही वळता येईल' म्हणून तुम्ही आज तिचा व्हेटचा अर्ज पातळ करताय. दोन दगडांवर पाय ठेवलेला अर्ज वाचणाऱ्याला लगेच कळतो. शेळ्या गायब, शेल्टर गायब, शिल्लक राहिला तो कॅन्सर. मग ही मुलगी आमच्याकडे कशाला आली, असं कुणालाही वाटेल.

आता रकान्यांचं. अमेरिकेतल्या बहुतेक व्हेटरिनरी स्कूलचा अर्ज व्हीएमकॅस या एकाच सेवेतून जातो आणि त्यात अनुभवाचे कप्पे वेगळे असतात. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली जे केलं ते व्हेटरिनरी. पशुवैद्यक नसताना प्राण्यांबरोबर जे केलं, म्हणजे फार्म, शेल्टर, घोड्यांचा तबेला, ते प्राण्यांचा अनुभव. प्रयोगशाळेतलं काम रिसर्चमध्ये. एक तास एकाच कप्प्यात जातो.

'इमारतीसाठी व्हेट नेमलेला आहे' ही तुमची पळवाट मी याआधीही ऐकली आहे. ज्या संस्थेत प्राण्यांवर संशोधन होतं तिथे पशुवैद्यक असतोच, त्या प्राण्यांच्या आरोग्याची जबाबदारी त्याची असते. म्हणून त्या छताखाली पिपेट धरणारा प्रत्येक विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकला असं होत नाही. तिच्या कामावर देखरेख लॅबप्रमुखाची. ते पीएचडी असतील, पशुवैद्यक नसतील, तर ते तास रिसर्चचे. अर्जात प्रत्येक अनुभवापुढे देखरेख करणाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. तिथे तुम्ही कुणाचं नाव घालणार होतात? जो तिला ओळखतही नसेल अशा माणसाचं?

पण तुम्ही ज्या व्हेटचं नाव वापरायला निघालात, त्याच्याकडे तिने स्वतः जावं असं मला वाटतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचं वैद्यक ही अमेरिकेत रीतसर स्पेशालिटी आहे, तिचं वेगळं बोर्ड आहे. 'तुमच्या फेरीबरोबर येऊ का?' एवढंच विचारायचं. बरेचदा हो म्हणतात. ते तास खरोखरच व्हेटरिनरी असतील, तिच्या ९० मध्ये हक्काने जमा होतील, आणि पुढेमागे त्या माणसाकडून शिफारसपत्रही मिळेल. अर्जाची मुदत सप्टेंबरच्या मध्यात संपते. उन्हाळा हाताशी आहे.

आता १०४० चा हिशेब. दहा तास गुणिले बावन्न आठवडे गुणिले दोन वर्षं, असाच केलात ना? त्याच पत्रात डिसेंबरातले चार आठवडे ती नाशिकला होती. तिथे कुठली लॅब? परीक्षांचे आठवडे, सुट्ट्या, आजारपण वेगळंच. विद्यापीठाचं सत्र साधारण १५ आठवड्यांचं. वर्षाला दोन सत्रं धरली तर दोन वर्षांचे ६०० तास होतात, उन्हाळ्यात काम केलं असेल तर ते वेगळे धरायचे. ६०० तास काही कमी नाहीत हो! फुगवलेल्या १०४० पेक्षा हे बरे, कारण लॅबप्रमुखाला फोन गेला तरी ते टिकतील. आणि खरा आकडा तिच्या लॅबच्या वहीत असेल, तुमच्या कॅल्क्युलेटरमध्ये नाही.

पुण्याच्या पेपरचं थोडक्यात : ज्या कामाला तिचा हात लागला नाही त्या पेपरवर तिचं नाव ही फसवणूक आहे. मित्राला नम्रपणे नाही म्हणा. उद्या मुलाखतीत कुणी विचारलं की यातला नियंत्रण गट असा का निवडला, तर उत्तर तिला द्यायचंय, तुमच्या मित्राला नाही.

यामागचा समज मात्र जरा सोडवून सांगायला हवा, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही. आपल्या पालकांना वाटतं, रिसर्च म्हणजे छापून आलेला पेपर, आणि पेपर असला की व्हेट स्कूल काय नि मेडिकल काय, दार उघडलंच. व्हेट स्कूलमधून मिळणारी डीव्हीएम ही प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरची पदवी आहे. निवड करणाऱ्यांना बघायचं असतं की या मुलीला हा धंदा रोजच्या रोज कसा असतो ते ठाऊक आहे का : चावरं मांजर, रडणारा मालक, बिलावरून घासाघीस, रात्री अडलेली गाय. रिसर्च ही त्यातली एक जमेची बाजू. डीव्हीएम आणि पीएचडी एकत्र करायची असेल तर रिसर्चचं वजन खूप वाढतं, एरवी ते इतर अनुभवांच्या बरोबरीचं. आणि पदवीच्या विद्यार्थ्याचा पेपर नसणं हे अगदी सर्रास आहे. संशोधन आणि पशुवैद्यक यांचं वाकडं आहे असंही नाही. ज्यांच्या नावावरून साल्मोनेला या जंतूचं नाव पडलं ते डॅनियल साल्मन पशुवैद्यकच होते, अमेरिकेतली पहिली डीव्हीएम पदवी त्यांना १८७६ साली कॉर्नेलने दिली. तुम्हाला कॉर्नेलचं एवढं आकर्षण आहे म्हणून सांगितलं.

लॅबच्या कामाचं वर्णन तुम्ही काय लिहिलंय ते पत्रात नाही, पण अंदाज करतो : 'अत्याधुनिक तंत्रांद्वारे कर्करोग संशोधनात मोलाचं योगदान.' असलं वाक्य हजार अर्जांत असतं. ते कुणाचंही असू शकतं, म्हणून कुणाचंच नसतं. लॅब कशाचा शोध घेतेय हे एका साध्या वाक्यात, आणि मग तिच्या हातांनी काय केलं ते. उंदरांची वजनं घेतली असतील, कॅलिपरने गाठींची लांबी-रुंदी मोजली असेल, कानाच्या तुकड्यातून डीएनए काढून पीसीआर लावला असेल. गाठ ठरलेल्या मर्यादेपुढे गेली किंवा उंदीर मलूल होऊन कोपऱ्यात बसला, की वरिष्ठांना कळवलं असेल. व्हेट स्कूलच्या लेखी हे शेवटचं वाक्य पीसीआरपेक्षा मोलाचं आहे, कारण प्राणी त्रासात आहे हे ओळखणं हेच तर पुढे आयुष्यभर करायचंय. फक्त बाटल्या धुतल्या असतील तर तसं लिहावं. आणखी एक : प्रयोग संपल्यावर त्या उंदरांचं काय झालं, तुला त्याबद्दल काय वाटतं, हा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो. त्याचं उत्तर तिने स्वतःशी शोधलेलं असायला हवं. तुम्ही लिहून दिलेलं पाठ करून चालणार नाही.

आता तुम्ही खोडलेल्या शेळ्या. खूर कापताना शेळी कशी लाथ मारते, व्यायला झालेली शेळी कशी बाजूला होऊन बसते, करडाला बाटली लावताना मान किती वर धरायची, हे तिला माहीत असेल तर ते अर्जातून काढून टाकणं म्हणजे नांगर मोडून सरपण करण्यातला प्रकार. अमेरिकेच्या ग्रामीण भागात गाईगुरांच्या डॉक्टरांची टंचाई आहे. तिथे जाऊन काम करणाऱ्यांचं शिक्षणाचं कर्ज फेडायला तिथल्या कृषी खात्याची योजनाही आहे. बहुतेक अर्जदार कुत्र्या-मांजरांपाशीच थांबलेले असतात. शेल्टरमधली साफसफाईही परत घाला. पिंजरा साफ करणाऱ्यालाच आधी कळतं की कुठल्या कुत्र्याने रात्री खाल्लं नाही आणि कुणाची शी पातळ आहे.

कॉलेजांबद्दल : कॉर्नेल आणि पेन उत्तमच, पण न्यू जर्सीत रोवन विद्यापीठाने राज्यातलं पहिलं व्हेटरिनरी स्कूल काढलं, २०२५ मध्ये पहिली तुकडी बसली. घराजवळचं म्हणून ते यादीतून वगळू नका. नागपूरचा रस्ता म्हणजे 'नीट' ही प्रवेशपरीक्षा, साडेपाच वर्षं आणि नंतर अमेरिकेत पदवीची समकक्षता सिद्ध करायच्या परीक्षा. तिथे राहणाऱ्या मुलीला तो सुचवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

फॉर्मचा पासवर्ड आज तिला परत द्या. तुम्ही भरलेलं सगळं तिने एकदा पुसावं आणि आपल्या हाताने लिहावं. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर पत्र तिने लिहावं, मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत चालेल. तुम्ही ते आधी तपासून द्यायचं नाही.