पीसी उठायला पाच मिनिटं घेतो? आधी हे बघ

भाऊ, फॉरमॅट मारायची घाई करू नको. आधी घड्याळ लावून बघ, वेळ नेमका कुठे जातो. विंडोजचा लोगो यायच्या आधीच अडकतो की डेस्कटॉप दिसल्यावर घोटाळतो? दोन्ही आजार वेगळे.

डेस्कटॉप आल्यावर रखडत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप उघड. टॉरेंट, चॅटिंग, गेमचे लाँचर, सगळे तिथे पंगतीला बसलेले दिसतील. नको ते डिसेबल कर, अँटीव्हायरसला मात्र हात लावू नको.

मग टास्क मॅनेजरमध्येच डिस्कचा वापर बघ. सुरू झाल्यावर बराच वेळ १०० टक्के दाखवते आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क आहे, तर दुखणं बहुतेक तिथंच. ती सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तेही सलग फाइल असली तर. बूट होताना, म्हणजे पीसी सुरू होताना, हजारो बारीक फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, तिथे तिचा जीव जातो. साटा एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि तिला काही फिरवावंच लागत नाही. डिस्क कटकट आवाज करत असेल तर आजच बॅकअप घे, बाकी सगळं नंतर.

नागपूरच्या बर्डीवर मला एकाने रॅम वाढवून दिली होती. पैसे गेले, बूट तेवढाच. एसएसडी टाकली तेव्हा कुठे वीस सेकंदांवर आला.

आणि लोगोआधीच अडकत असेल तर पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क काढून सुरू करून बघ. तारीख रोज चुकते का तेही बघ. तसं असेल तर मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल बदल.