पहिली हाफ मॅरेथॉन? बाटली स्वतःची घे

२१.०९७ किलोमीटर ऐकून घाबरू नकोस, फक्त सुरुवातीला गर्दीबरोबर वाहवत जाऊ नकोस. मुंबईत जानेवारीतही ऊन चढलं की घामाच्या धारा लागतात, आणि पेडर रोडचा चढ पुढे वाट बघत असतो.

पाण्याचं मात्र नीट ऐक. पहिल्या वर्षी मी वाटेतल्या पाण्याच्या टेबलावरून बाटली घेतली, दोन घोट प्यायलो, उरलेली रस्त्यात टाकली. मागून येणाऱ्या एका काकूंचा पाय तिच्यावरून सटकला. सावरल्या, पण ज्या नजरेने पाहिलं ना! तेव्हापासून कमरेच्या पट्ट्यात स्वतःची बाटली, तीच भरून घेतो.

टी-शर्टचा मोह नको. माझ्याकडे सात साठलेत, त्यातल्या दोनांनी आता फरशी पुसतो. गाडी आणू नकोस, शर्यतीच्या पहाटे रेल्वे जादा लोकल सोडत आलीय, वेळ आदल्या दिवशी बघून ठेव.