सांडपाण्याच्या खड्ड्यापासून ५० मीटरवरची विहीर गोडी, मग ३०० मीटरवरच्या बोअरचं पाणी खारट कसं?

तुमच्याकडे वर मुरूम आणि खाली भेगाळलेला काळा पाषाण आहे, असं धरून लिहितो.

विरघळलेला क्षार जमिनीखाली चहूबाजूंनी सारखा पसरत नाही. वेगाचा हिशोब असा: पारगम्यता (थरातून पाणी किती सहज वाहतं त्याचं माप) गुणिले पाणीपातळीचा उतार, भागिले एकमेकींना जोडलेल्या पोकळ्यांचं प्रमाण. मुरमाची पारगम्यता दिवसाला २ मीटर, उतार शंभराला एक आणि पोकळी ५ टक्के धरा; वेग येतो दिवसाला ४० सेंटिमीटर. भेगांच्या थरात पारगम्यता २० मीटर, पोकळी १ टक्का घेतली की त्याच उतारावर दिवसाला २० मीटर. म्हणजे भेगेतून ३०० मीटर पंधरा दिवसांत, आणि मुरमातून ५० मीटर जायला चार महिने. आकडे उदाहरणाचे आहेत, पण फरक इतका पडतो. त्यामुळे जवळची विहीर वाचली असं समजू नका. कदाचित तिची पाळी यायची आहे.

सरासरी पारगम्यता घेऊन केलेले अंदाज इथेच फसतात. अमेरिकेत मिसिसिपीतल्या कोलंबस हवाई तळावर १९८६ मध्ये वाळू-गोट्यांच्या थरात माग काढण्यासाठी ब्रोमाइड हा विरघळणारा क्षार सोडला होता. वीस महिन्यांनंतरही दाट भाग सोडल्या जागेजवळच होता, तर पातळ शेपूट दोनशे मीटरांच्या पुढे गेलं होतं.

दुसरी शक्यता खुद्द बोअरची. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) मुरमापुरतीच घालतात आणि तिच्याभोवतीची फट सिमेंटने बुजवत नाहीत. मग वरचं घाण पाणी केसिंगलगत थेट खालच्या भेगांत उतरतं. ही चूक फार सर्रास होते.

तपासताना खड्ड्याभोवतीच्या सगळ्या विहिरी-बोअरची पाणीपातळी एकाच दिवशी, पंप बंद असताना मोजा आणि जमिनीच्या उंचीशी जुळवा. त्याशिवाय उतार कळणार नाही. बोअर सुरू करून टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरचा आकडा स्थिरावल्यावरच नमुना घ्या, नाहीतर केसिंगमधलं साचलेलं पाणी भराल. बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत लवकर पोचवा. क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही मागा, पावसाळ्याआधी व नंतरही.

खड्डा बंद केला तरी पाणी लगेच सुधारणार नाही. दगडाच्या बारीक छिद्रांत शिरलेला क्षार पुढे कित्येक महिने भेगांत परत झिरपत राहतो. उपसा करून टीडीएस खाली आला आणि पंप थांबवल्यावर पुन्हा चढला, तर बहुधा कारण हेच.

तोवर नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका. उकळून उपयोग नाही, उलट प्रमाण वाढतं.