|क्ष| = −क्ष हे खरं कसं असू शकतं? आणि असमानतेत 'आणि' कधी, 'किंवा' कधी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू अकरावी सायन्सला आहेस, ऐरोलीहून ठाण्याला कॉलेजला जातोस. 'मॉड (म्हणजे केवल मूल्य, |क्ष| मधल्या दोन उभ्या रेघा) म्हणजे उणे चिन्ह काढून टाकायचं' असं तुला शाळेत सांगितलं गेलं, मग |क्ष| = −क्ष असं पुस्तकात कसं? आणि |२क्ष − ३| ≤ ५ चं उत्तर एकाच साखळीत लिहितात, पण चिन्ह उलटं केलं की मध्ये 'किंवा' कुठून येतो? दर वेळी नियम पाठ करतोस आणि परीक्षेत नेमका उलटा लिहून येतोस.

मी घणसोलीत राहते आणि संध्याकाळी घरी नववी ते बारावीची मुलं शिकवते. माझ्याकडे येणारी जवळपास सगळी मुलं इथेच अडकलेली असतात. कारण एकच आहे, ते आधी सांगते. 'उणे काढा' ही केवल मूल्याची व्याख्याच नाही, ती एक हातचलाखी आहे. −७ समोर दिसत असेल तर ती चालते, कारण काढायला तिथे चिन्ह असतं. क्ष समोर आला की काढणार काय? क्षच्या पोटात उणे आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. म्हणून ती व्याख्या आजपासून सोडून दे. केवल मूल्य म्हणजे अंतर. |क्ष| म्हणजे संख्यारेषेवर शून्यापासून क्षपर्यंतचं अंतर, आणि |क्ष − अ| म्हणजे अ पासून क्षपर्यंतचं अंतर. अंतराला दिशा नसते, म्हणून ते ऋण नसतं.

तुझी रोजची गाडी घे. ठाणे–वाशी मार्गावरची स्थानकं ओळीने: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. ठाण्याला ० म्हण आणि पुढे मोजत जा. ऐरोली २, घणसोली ४, तुर्भे ६, वाशी ८. किलोमीटर सोड, फक्त किती स्थानकं पुढे किंवा मागे एवढंच मोजायचं. (२०२४ मध्ये दिघा गाव सुरू झालं म्हणून घणसोली बरोबर मध्ये आली. त्याआधी ठाणे ते वाशी आठच स्थानकं होती, त्यामुळे बरोब्बर मधलं असं स्थानकच नव्हतं. वर्गात हे उदाहरण द्यायला मला तेव्हापासून फार सोपं झालं.)

आता |क्ष − ४| = २ हे समीकरण वाच. चिन्हं वाचू नकोस, वाक्य वाच: 'घणसोलीपासून दोन स्थानकं दूर असलेलं स्थानक कोणतं?' पेन उचलायच्या आधीच तू सांगशील, ऐरोली किंवा तुर्भे. क्ष = २ किंवा क्ष = ६. दोन उत्तरं येतात ती काही नियम आहे म्हणून नाही, घणसोलीहून गाड्या दोन दिशांना जातात म्हणून. |क्ष − ४| = ० विचारलं तर उत्तर एकच, घणसोली. आणि |क्ष − ४| = −३ विचारलं तर? उणे तीन स्थानकं दूर असं काही नसतंच, म्हणून 'उकल नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. तिथे मुलं दोन ओळींची आकडेमोड करतात आणि ७ आणि १ अशी उत्तरं काढतात. ती कशाचीच उत्तरं नसतात.

हा अंतराचा अर्थ मनात बसला की |क्ष + ३| ला घाबरायचं कारण उरत नाही. क्ष + ३ म्हणजे क्ष − (−३), म्हणजे −३ पासूनचं अंतर. आणि |३ − क्ष| हे |क्ष − ३| च असतं. ऐरोली ते ठाणे आणि ठाणे ते ऐरोली यांत जेवढा फरक आहे तेवढाच यात आहे. क्षच्या आधी उणे असेल तर पहिल्या ओळीतच उलटून घे, पुढे असमानतेचं चिन्ह फिरवायची वेळच येत नाही.

आता |क्ष| = −क्ष. यासाठी शून्य घणसोलीला ठेवू. मग वाशीकडची स्थानकं धन आणि ठाण्याकडची ऋण. तुझी ऐरोली झाली −२. तिचं घणसोलीपासूनचं अंतर २. हा २ आपण −२ पासून कसा मिळवला? त्याची विरुद्ध संख्या घेऊन: −(−२) = २. म्हणजे क्ष = −२ असताना |क्ष| खरंच −क्ष आहे, आणि तो धन आहे. सगळा गोंधळ '−क्ष' वाचण्यात आहे. डोळ्यांना उणे दिसलं की आपण ती संख्या ऋण धरून चालतो. पण −क्ष म्हणजे 'ऋण संख्या' नाही, −क्ष म्हणजे 'क्षची विरुद्ध संख्या'. क्ष स्वतः ऋण असेल तर −क्ष धन. म्हणून व्याख्येत दोन ओळी असतात: क्ष शून्य किंवा धन असेल तर |क्ष| = क्ष, आणि क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष. महिनाभर '−क्ष' दिसलं की मोठ्याने 'क्षची विरुद्ध संख्या' असं म्हण. माझ्या मुलांना मी हेच करायला लावते आणि त्याने फरक पडतो. याच कारणाने √(क्ष²) म्हणजे क्ष नाही, |क्ष| असतं. (−७)² चं वर्गमूळ ७ येतं, −७ नाही. पुढे अवकलन-समाकलनात ही चूक फार महाग पडते.

आता तुझा खरा प्रश्न, 'आणि' आणि 'किंवा'. याचं उत्तर मला पुस्तकात नाही, रबाळ्याच्या एमआयडीसीत मिळालं. शिकवायला लागायच्या आधी काही वर्षं मी तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला होते. लेथवरून आलेल्या जॉबचं, म्हणजे कातलेल्या धातूच्या भागाचं भोक, म्हणजे बोअर, ड्रॉइंगप्रमाणे २५ मिलिमीटर हवं असायचं, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे ०.०२. गणिताच्या भाषेत, बोअरचं माप क्ष असेल तर |क्ष − २५| ≤ ०.०२. म्हणजे २४.९८ पासून २५.०२ पर्यंत चालेल.

प्रत्येक बोअर मापत बसायला वेळ नसतो, म्हणून हातात प्लग गेज असायचा. मूठभर लांबीचा स्टीलचा दांडा, दोन्ही टोकांना घासून गुळगुळीत केलेले दंडगोल. एक टोक 'गो', २४.९८ चं. दुसरं 'नो-गो', २५.०२ चं, त्याच्या मानेवर लाल पट्टा. बोअर पुसायचा, गो टोक तोंडाशी धरायचं. माप बरोबर असेल तर ते जोर न लावता आत सरकतं, हवा दाबली गेल्याचा बारीक आवाज येतो. मग गेज उलटा करायचा. नो-गो टोक तोंडाशीच अडलं पाहिजे. गो आत गेला आणि नो-गो अडला, तरच जॉब पास. दोन्ही अटी एकाच जॉबने पाळायच्या. हाच तुझा 'आणि'. क्ष ≥ २४.९८ आणि क्ष ≤ २५.०२, म्हणून एका साखळीत लिहिता येतं: २४.९८ ≤ क्ष ≤ २५.०२.

नापास कसा होतो? गो आतच गेला नाही, म्हणजे बोअर लहान राहिला. किंवा नो-गोही आत गेला, म्हणजे बोअर मोठा झाला. एकच बोअर लहानही आणि मोठाही असू शकत नाही. इथे 'आणि' म्हणणं शक्यच नाही, म्हणून 'किंवा'. आमच्या टेबलाखाली नापास मालाचे दोन वेगळे ट्रे असायचे. लहान राहिलेला बोअर परत लेथवर जायचा, कारण धातू अजून काढता येतो. मोठा झालेला सरळ भंगारात, कारण काढलेला धातू परत चिकटवता येत नाही. ते दोन ट्रे कधी एकत्र करायचे नसत. |क्ष − २५| > ०.०२ चं उत्तर म्हणजे ते दोन ट्रे, आणि म्हणून ते दोन तुकड्यांत लिहायचं: क्ष < २४.९८ किंवा क्ष > २५.०२. मी स्वतः अकरावीत असताना हे दोन तुकडे एका साखळीत लिहायचे आणि मार्क जायचे. का चुकलं ते कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा दोन ट्रे बघितले तेव्हा मला ते कळलं.

तुझं गणित घेऊ. |२क्ष − ३| ≤ ५ म्हणजे −५ ≤ २क्ष − ३ ≤ ५. तिन्ही ठिकाणी ३ मिळव: −२ ≤ २क्ष ≤ ८. दोनने भाग: −१ ≤ क्ष ≤ ४. अंतराने पडताळून बघ. आतून २ बाहेर काढला तर २|क्ष − १.५| ≤ ५, म्हणजे |क्ष − १.५| ≤ २.५. १.५ च्या दोन्ही बाजूंना अडीच. डावीकडे −१, उजवीकडे ४. जुळलं. चिन्ह उलटं असेल, |२क्ष − ३| > ५, तर क्ष < −१ किंवा क्ष > ४. तू उत्तरपत्रिकेत लिहून आलास ते '−५ > २क्ष − ३ > ५' नुसतं वाचून बघ. त्याचा अर्थ −५ हा ५ पेक्षा मोठा आहे असा होतो. साखळी लिहिली की मधला भाग झाकून दोन टोकं वाचायची सवय लाव, ही चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

उजवीकडेही क्ष असेल तर मात्र सावध राहायचं. |क्ष − १| = २क्ष − ८ घे. पहिली शक्यता क्ष − १ = २क्ष − ८, यातून क्ष = ७. दुसरी −(क्ष − १) = २क्ष − ८, यातून ३क्ष = ९, क्ष = ३. बहुतेक मुलं दोन्ही लिहून पुढे जातात. पण ३ मूळ समीकरणात घाल: डावीकडे २, उजवीकडे −२. अंतर −२ कसं असेल? म्हणून ३ बाद, उत्तर फक्त ७. दुसरी शक्यता लिहिताना आपण उजवी बाजू शून्य किंवा धन आहे हे न तपासता गृहीत धरतो, म्हणून असं खोटं उत्तर आत शिरतं. मूळ समीकरणात घालून बघण्याला पर्याय नाही, वेळ कमी असला तरी.

दोन मॉड एकत्र आले की क्लासमध्ये तीन-तीन, चार-चार केस पाडायला शिकवतात. केस पाडता आल्याच पाहिजेत, पण आधी वाक्य वाच. शून्य परत ठाण्याला ठेव. |क्ष − २| < |क्ष − ६| म्हणजे 'तुर्भ्यापेक्षा ऐरोलीला जवळ असलेली जागा'. मधोमध घणसोली, म्हणून क्ष < ४. एका ओळीत संपलं.

मला सगळ्यात आवडतं ते |क्ष − २| + |क्ष − ६|. समज, तू ऐरोलीत राहतोस, तुझा मित्र तुर्भ्यात. दोघांनी एका स्थानकावर भेटायचं आणि दोघांचा मिळून प्रवास कमीत कमी हवा. कुठे भेटाल? वर्गात विचारलं की सगळे 'घणसोली' म्हणतात, आणि मग एखादी मुलगी हळूच विचारते, 'रबाळ्याला भेटले तर?' तू एक स्थानक, मित्र तीन, बेरीज चारच. कोपरखैरण्यालाही चार. ऐरोलीला भेटलात तरी चार, फक्त सगळा प्रवास मित्राच्या वाट्याला. ऐरोली ते तुर्भे यांच्यामध्ये कुठेही बेरीज चारच राहते आणि बाहेर पडलं की वाढायला लागते. म्हणून |क्ष − २| + |क्ष − ६| = ४ ची उकल एक-दोन संख्या नाही, २ ≤ क्ष ≤ ६ हा सगळा पट्टा आहे. = ३ ला उकलच नाही, कारण दोघांमधलं अंतरच चार आहे, त्याहून कमीत भेट होणार नाही.

ही अंतराची भाषा पुढेही कामी येते. लिमिटमधलं |क्ष − अ| < डेल्टा म्हणजे अ पासून डेल्टा या छोट्या धन संख्येपेक्षा जवळ. आणि संमिश्र संख्यांमध्ये |३ + ४आय| = ५ (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ) येईल तेव्हा काढायला उणे चिन्हच नसेल, पण आरंभबिंदूपासूनचं अंतर ५ आहे हे पायथागोरस लगेच सांगेल. १८४१ मध्ये वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने दोन उभ्या रेघांची ही खूण वापरली, तीच आपण आजही काढतो.

उद्या गाडीत बसलास की |क्ष − २| + |क्ष − ६| = ६ सोडव. मधल्या पट्ट्यात बेरीज चारच आहे, सहा हवी तर बाहेर पडावं लागेल. ऐरोलीच्या अलीकडे एक स्थानक सरकलास की दोघांच्याही वाटेत एकेक वाढतं, म्हणजे बेरजेत दोनची भर. म्हणून एक उत्तर दिघा गाव, क्ष = १: तू एक, मित्र पाच. दुसरं तुर्भ्याच्या पलीकडे सानपाडा, क्ष = ७: तू पाच, मित्र एक.